दृष्टीआडचा वाचक आणि सार्वजनिक ग्रंथालय

ठाणे येथील मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १ जून १८९३ रोजी झाली. ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथाचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांचे सहकारी यांनी मराठी ग्रंथ एके ठिकाणी जमवावेत, त्यांचे जतन करावे आणि ते वाचकांच्या हाती द्यावेत, या हेतूने ही संस्था उभारली. त्याच्याही एकोणतीस वर्षे आधी, १८६४ मध्ये, कल्याण येथे सार्वजनिक वाचनालय सुरू झाले होते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यास आणि २०१७ मध्ये डोंबिवलीस भरले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसराला वाचनाची सवय किती जुनी आहे, हे यावरून ध्यानी येईल.

अशा परिसरातील एखाद्या वाचनालयाचा तीस-चाळीस वर्षांचा सभासद साठी ओलांडतो. काचबिंदूमुळे किंवा मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर झालेल्या परिणामामुळे त्याला छापील ओळी पुसट दिसू लागतात. प्रथम वर्तमानपत्र सुटते, मग कादंबरी सुटते. एके दिवशी त्याचा मुलगा येतो, अनामत रक्कम परत घेतो आणि सभासदत्व बंद करतो. नोंदवहीत ‘सभासदत्व रद्द’ एवढीच नोंद होते. ते का रद्द झाले, हे लिहिण्यास तेथे रकाना नसतो. त्या वाचकाची आवड संपलेली नसते. ज्या रूपात त्याला पुस्तक वाचता येईल, त्या रूपात ते त्याच्यापुढे आलेले नसते, एवढेच.

हा वाचक ग्रंथालयाकडे परत कसा आणता येईल, त्याला कोणते पुस्तक सुचवावे आणि ते कोणत्या रूपात द्यावे, हा प्रश्न केवळ दयाबुद्धीचा नाही. तो ग्रंथालयसेवेच्या मूळ कर्तव्याचा आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हे त्यांपैकीच एक. त्यात डोळस वाचकापुरती मर्यादा कोठेही घातलेली नाही.

हा वाचक कोण?

छापील मजकूर वाचता न येणारा वाचक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पूर्णतः अंध व्यक्ती उभी राहते. वस्तुतः हा वर्ग बराच मोठा आहे. त्याचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींचा. दुसरा गट अध्ययन-अक्षमता असलेल्यांचा. यांची दृष्टी उत्तम असते, बुद्धीही चांगली असते. परंतु अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालताना त्यांना विलक्षण कष्ट पडतात. तिसरा गट शारीरिक कारणांमुळे पुस्तक हातात धरू न शकणाऱ्यांचा किंवा पाने उलटू न शकणाऱ्यांचा. पक्षाघात झालेले वृद्ध, मेंदूचा पक्षाघात अथवा स्नायूंचा विकार असलेली मुले या गटात येतात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टिदोष होता. अध्ययन-अक्षमतेची स्वतंत्र नोंद त्या गणनेत नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे एकवीस प्रकार नमूद आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचाही समावेश आहे. म्हणजे वर्गात अडखळत वाचणारा, ‘आळशी’ म्हणून हिणवला जाणारा विद्यार्थीही या सेवेचा हक्कदार ठरू शकतो. शिक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी.

पुस्तकाचे नाव म्हणजे शिफारस नव्हे

डोळस वाचकाने ‘एखादे चांगले पुस्तक सांगा’ असे विचारले, तर ग्रंथपाल नाव सांगतो आणि वाचक कपाटाकडे वळतो. येथे मात्र नाव सांगून काम अर्धेच होते. पुस्तकाचे नाव, ते कोणत्या रूपात उपलब्ध आहे आणि ते वाचकाच्या हाती कसे पडेल, या तिन्ही गोष्टी सांगितल्या तरच ती शिफारस पूर्ण होते. तिसरी गोष्ट राहून गेली, तर पहिल्या दोहोंचा उपयोग होत नाही.

याखेरीज एक चूक टाळावयास हवी. दृष्टी गेलेल्या माणसास धार्मिक ग्रंथ किंवा जिद्दीने संकटावर मात करणाऱ्यांची चरित्रेच आवडणार, असे परस्पर ठरविले जाते. ज्याने आयुष्यभर रहस्यकथा वाचल्या, त्याला दृष्टी गेल्यावरही रहस्यकथाच हवी असते. म्हणून ग्रंथपालाने प्रथम विचारावे ते आवडीबद्दल: आपण पूर्वी काय वाचत होता, शेवटचे आवडलेले पुस्तक कोणते? त्यानंतर विचारावे: ब्रेल येते का? मोठी अक्षरे दिसतात का? घरी कोणता मोबाइल किंवा संगणक आहे? तो चालवून देणारे कोणी आहे का? या चार-पाच प्रश्नांच्या उत्तरांतून निम्मी वाट सापडते.

चार रूपे

पुस्तक सुगम्य करण्याची मुख्य रूपे चार आहेत.

पहिले रूप ब्रेलचे. फ्रान्समधील लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेली ही लिपी सहा ठिपक्यांच्या मांडणीवर आधारलेली आहे. भारतीय भाषांसाठी एकसमान ‘भारती ब्रेल’ १९५१ च्या सुमारास निश्चित झाली आणि मराठी ब्रेल तिचाच भाग होय. ज्याला शब्दांचे लेखन शिकावयाचे आहे, हिशेब करावयाचा आहे किंवा परीक्षेस बसावयाचे आहे, त्याला ब्रेलला पर्याय नाही. ऐकून शुद्धलेखन येत नाही. मात्र ब्रेल ग्रंथ जाड कागदाचा आणि मोठ्या आकाराचा असल्याने एका छापील पुस्तकाचे अनेक खंड होतात. शिवाय उतारवयात दृष्टी गेलेल्यांपैकी फार थोडे ब्रेल शिकतात.

दुसरे रूप मोठ्या अक्षरांचे. नेहमीच्या पुस्तकांतील टाइपाहून मोठा, १६ ते १८ पॉइंट किंवा त्याहून अधिक आकाराचा टाइप, ओळींत पुरेसे अंतर, चकाकी नसलेला कागद आणि ठळक काळी शाई एवढ्यावर अनेक अल्पदृष्टी वाचकांचे वाचन पुन्हा सुरू होते. जेथे असे पुस्तक नाही, तेथे भिंगाची आणि चांगल्या प्रकाशाची सोय केली तरी बराच फरक पडतो.

तिसरे रूप ध्वनीचे. हे मराठी माणसास मुळीच परके नाही. एकाने पोथी वाचावी आणि घराने ऐकावी, ही आपली जुनी रीत आहे. विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन त्यांनी विद्या संपादन केली आणि शंभराहून अधिक ग्रंथांची रचना केली. आजच्या ‘डेझी’ पद्धतीच्या बोलक्या पुस्तकात प्रकरणानुसार, पृष्ठानुसार पुढे-मागे जाता येते आणि खूण करून ठेवता येते. विद्यार्थ्यास याचा मोठा उपयोग होतो.

चौथे रूप संगणकीय मजकुराचे. मोबाइलमधील किंवा संगणकावरील स्क्रीन रीडर हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो. ‘एनव्हीडीए’सारखा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. मात्र मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे. जुन्या फाँटमध्ये जुळविलेले मराठी पडद्यावर ठीक दिसले, तरी यंत्र त्याचा उच्चार निरर्थक करते. पुस्तकाची पाने नुसती छायाचित्रासारखी टिपून पीडीएफ केली, तर यंत्राच्या दृष्टीने ते केवळ चित्र असते आणि त्यातून एकही शब्द ऐकू येत नाही. अक्षर-ओळख प्रणालीने त्या चित्राचा मजकूर करता येतो. परंतु जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार हे कोणीतरी मूळ पुस्तकाशी ताडून पाहावे लागतात.

कोणते पुस्तक कोणत्या रूपात?

सर्व पुस्तके सर्व रूपांत सारखी उतरत नाहीत. काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली कथा एकेका रात्री सांगितलेल्या आठवणींची आहे. तिची मांडणीच सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्यांची असल्याने दररोज एक भाग ऐकण्यास ती अत्यंत सोयीची आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही तशीच. बोलण्याच्या ओघात लिहिलेले ते गद्य ध्वनिमुद्रणात खुलते. उतारवयात प्रथमच ऐकून वाचन करू लागलेल्या सभासदास अशा पुस्तकांपासून सुरुवात करण्यास सुचवावे. कानाला सवय होईपर्यंत लांब, गुंतागुंतीचे पुस्तक थकविते.

वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात. छापील पानावर प्रकरणाचे शीर्षक पाहून वाचकास निवेदक कळतो. ध्वनिमुद्रणात प्रत्येक भागाच्या आरंभी निवेदकाचे नाव उच्चारले नाही, तर ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी प्रथम तोंडीच रचली गेली आणि १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती यंत्राच्या आवाजात ऐकविणे योग्य होणार नाही. त्या बोलीची जाण असलेल्या वाचकानेच ती वाचावीत.

अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यास व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’सारखी आटोपशीर कादंबरी सुचविता येईल. कानाने ऐकत असतानाच डोळ्यांनी छापील ओळ धरावयाची, या रीतीने त्याचा आत्मविश्वास वाढतो. संदर्भग्रंथ मात्र मजकूर-रूपातच हवेत. मराठी विश्वकोशातील नोंदी संकेतस्थळावर उपलब्ध असल्याने स्क्रीन रीडर वापरणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यास हवी ती नोंद शोधून ऐकता येते. विश्वकोशाचे खंड अथपासून इतिपर्यंत ध्वनिमुद्रित करण्यात श्रम व्यर्थ जातील.

दिवाळी अंकांचा विचार वेगळा करावा लागतो. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केलेली ही परंपरा मराठी वाचकाच्या वर्षाचा उत्सव आहे. ज्या कथेची चर्चा दिवाळीत घरोघरी होते, ती पुढच्या पावसाळ्यात ऐकावयास मिळाली तर त्या चर्चेत भाग घेण्याचा आनंद हुकतो. म्हणून प्रत्येक ग्रंथालयाने निदान चार-पाच निवडक कथा व लेख दिवाळीनंतरच्या पंधरवड्यातच वाचून घेण्याची व्यवस्था करावी.

कायद्याने दिलेली मुभा

‘आम्ही पुस्तकाची अशी प्रत केली, तर प्रकाशक हरकत घेईल,’ ही अडचण अनेकदा पुढे केली जाते. ही अडचण २०१२ मध्येच दूर झालेली आहे. त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीने कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये नवीन तरतूद करण्यात आली. अपंग व्यक्तींना सुलभ होईल अशा कोणत्याही रूपात पुस्तकाची प्रत करणे हा आता कॉपीराइटचा भंग ठरत नाही. त्यासाठी लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी लागत नाही. ही मुभा ज्या संस्थांना आहे, त्यांत शैक्षणिक संस्था आणि शासनमान्य ग्रंथालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

या मुभेला मर्यादाही आहेत. अशी प्रत नफ्यासाठी विकता येत नाही. फार तर निर्मितीचा खर्च घेता येतो. ती फक्त अपंग व्यक्तींनीच वापरावी आणि बाजारात जाऊ नये, याची दक्षता संस्थेने घ्यावयाची असते. कथावाचनाची ध्वनिफीत सर्वांसाठी खुली करणे म्हणूनच या मुभेत बसत नाही. ज्या लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटून गेली आहेत, त्याच्या पुस्तकांना मात्र हे बंधन नाही. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये आणि लक्ष्मीबाई टिळकांचे १९३६ मध्ये झाले. त्यांच्या ग्रंथांचे वाचन सर्वांनाच ऐकविता येईल.

मराकेश येथे जून २०१३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठविण्याचा मार्गही मोकळा केला. या करारास अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत होय. जून २०१४ मध्ये भारताने ते दिले आणि ३० सप्टेंबर २०१६ रोजी करार अंमलात आला.

पुस्तक कोठून मिळवावे?

प्रत्येक ग्रंथालयाने सर्व काही स्वतःच तयार करावे, अशी अपेक्षा नाही. २४ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र शासनाने ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू केले. निरनिराळ्या संस्थांनी तयार केलेली सुलभ पुस्तके तेथे एकत्र मिळतात. अपंगत्वाचा दाखला देऊन सभासद होता येते. मुंबईत १९५२ पासून कार्य करीत असलेल्या राष्ट्रीय अंधजन संघाने, म्हणजेच ‘नॅब’ने, ब्रेल आणि बोलक्या पुस्तकांच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी साधनकेंद्र आहे. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये सुरू झाले. ठाण्या-कल्याणहून ही ठिकाणे लोकलच्या अंतरावर आहेत. परंतु दृष्टी गेलेल्या वृद्धाने एकट्याने तेथवर जावे, असे म्हणणे योग्य नव्हे. तेथवर जाण्याचे काम त्याच्या गावच्या ग्रंथालयाने करावे. अंधांसाठीच्या साहित्याची टपालाने ने-आण करण्यास टपाल खात्याने पूर्वापार सवलत दिलेली आहे. तिचे सध्याचे नियम जवळच्या टपाल कार्यालयात विचारून घ्यावेत.

काय करता येईल?

पहिले काम अगदी साधे आहे. ग्रंथालयाच्या तालिकेत आणि नव्या पुस्तकांच्या यादीत ‘उपलब्ध रूप’ असा एक रकाना वाढवावा. पुस्तकाच्या नावापुढे ब्रेल, मोठी अक्षरे, ध्वनी किंवा मजकूर यांपैकी जे असेल ते लिहावे आणि ते कोठून मिळेल हेही नमूद करावे. रकाना रिकामा राहिला, तर पुढील वर्षी कोणते पुस्तक करून घ्यावयाचे, हे त्यावरूनच ठरेल. ही यादी फलकावर लावून भागणार नाही. ती दूरध्वनीवर वाचून दाखविण्याची वेळ ठरवून द्यावी. छापील यादी न वाचता येणाऱ्यासाठी छापील यादीच लावणे, ही चूक अनेक चांगल्या संस्थांकडून अनवधानाने होते.

दुसरे काम सभासद नोंदवहीचे. सभासदत्व बंद करणाऱ्यास कारण विचारावे आणि ते दृष्टीचे असेल, तर अनामत परत करण्यापूर्वी पर्याय सांगावेत. घरपोच सेवा आणि मोबाइल चालविण्याचे प्राथमिक शिक्षण यांची जोड दिली, तर यांतील अनेक वाचक टिकून राहतील.

तिसरे काम स्वयंसेवकांचे. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक वाचून देण्यास उत्सुक असतात. त्यांना थोडी शिस्त शिकवावी लागते. आरंभी पुस्तकाचे, लेखकाचे आणि प्रकाशकाचे नाव सांगावे, प्रत्येक प्रकरण स्वतंत्र मुद्रित करावे, पाठ्यपुस्तक असल्यास पृष्ठांक उच्चारावा, चित्र व तक्ता असल्यास त्याचे थोडक्यात वर्णन करावे, नाटकीपणा टाळावा. मुद्रण करताना पंखा बंद ठेवावा आणि खोली रेल्वेमार्गापासून दूरची निवडावी. यापलीकडे मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही.

ग्रामीण भागाचा प्रश्न थोडा निराळा आहे. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील काही पाड्यांवर मोबाइलचे जाळे अपुरे पडते. तेथे पुस्तके मेमरी कार्डावर भरून द्यावीत आणि महिन्याने ते कार्ड बदलावे. फिरत्या पेटीतून पुस्तके पाठविण्याची जुनी पद्धत याच मार्गाने नव्याने वापरता येईल. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. श्रवणयंत्र किंवा तीनचाकी सायकल यांच्याबरोबरच बोलक्या पुस्तकांचे यंत्र अथवा भिंग यांचाही प्रस्ताव पंचायत सदस्यांनी ग्रामसभेपुढे मांडावा. गावात असे वाचक किती आहेत, याची यादी शाळा, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य उपकेंद्र यांच्या मदतीने एका आठवड्यात होऊ शकेल.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये झाला, तेव्हा गावोगावी ग्रंथ पोहोचविणे हे उद्दिष्ट होते. ग्रंथ अनेक गावी पोहोचले. आता ते प्रत्येक वाचकापर्यंत पोहोचविण्याचे काम उरले आहे. कायद्याची मुभा आहे, साधने स्वस्त झाली आहेत, पुस्तके तयार करणाऱ्या संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. ज्याने आपले सभासदत्व बंद केले, त्या वाचकास ग्रंथालयातून एक दूरध्वनी जावा आणि ‘आपल्या आवडीच्या लेखकाचे पुस्तक आता ऐकता येईल अशा रूपात आले आहे, ते घरी पाठवू का?’ एवढे विचारले जावे. या कामाचा आरंभ त्या एका प्रश्नापासून होऊ शकतो.